भिंतीला छन्नी लावायची नाही

आमच्या हापिसात नेटवर्क म्हणजे एक चित्र असतं. एक ढग, ढगातून निघणाऱ्या दोन-चार रेघा आणि रेघांच्या टोकाला चौकोन. बस्स. ती रेघ प्रत्यक्षात कुठल्या भिंतीतून जाते, कुणी ओढली, कुठे वळवली, तिच्या शेजारून काय जातंय... असले प्रश्न आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पडत नाहीत. पडायचं कारणही नाही म्हणा. हिंजवडीत बसून कोड लिहायचा आणि नेट गेलं की फॅसिलिटीवाल्याला फोन लावायचा, एवढाच आपला त्या रेघेशी संबंध.

मला हे प्रश्न पडले ते धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेमुळे. त्यामुळे या विकांताचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगतो: इमारतीतलं केबलिंग. पण वाचाच. कारण यात भिंती आहेत, आणि त्या भागात भिंत हा साधा विषय नाही.

माझं आजोळ लोहारा तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आज जिथे गाव आहे तिथे १९९३ च्या आधी नुसती शेतं होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशोबात काही महाभयंकर नाही. पण लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यांप्रमाणेच जवळपास आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. आमचं त्यातलंच एक.

इतकी माणसं का गेली, याचं उत्तर घरांच्या बांधणीत होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेला मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात गारेगार. पण त्या भिंतीत दगडांचे दोन थर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. जमीन हलली, थर एकमेकांपासून सुटले आणि वरची सगळी माती खाली आली. माझी आजी त्यात गेली. मामा विसर्जनाहून आल्यावर मंडपातच आडवा झाला होता, म्हणून वाचला.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं सगळं त्याशिवाय कळणार नाही.

गेल्या वर्षी मामाचा फोन. गावच्या शाळेला दोन मजली नवी इमारत होत होती, मामा व्यवस्थापन समितीवर. "वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरची लॅब व्हणार हाय. तू त्यातला हाईस ना? येऊन बघून जा एकदा." मी म्हटलं, मामा, मी प्रोग्रॅम लिहितो, वायरी नाही टाकत. तर म्हणाला, "आम्हाला काय त्यातला फरक कळत न्हाई. ये तू."

गेलो. नळदुर्ग सोडलं की रस्ता मोकळा होतो आणि दोन्हीकडे काळी जमीन सुरू होते. साईटवर पोचलो तेव्हा तळमजल्याचे कॉलम उभे होते आणि वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू होतं. मी प्लॅन मागितला. त्यात दिवे होते, पंखे होते, स्विचबोर्ड होते. आणि लॅबच्या चौकोनात लिहिलेलं: "संगणक – २० नग". तारेचा पत्ता नाही!

गुत्तेदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, आधी बांधकाम होऊ द्या. प्लास्टर झालं की पोरं येतेल, कटर मारून झिऱ्या पाडतेल, वायर टाकतेल. आमी सगळीकडं असंच करतोत." आणि तो खोटं बोलत नव्हता. पुण्यातल्या चांगल्या चांगल्या सोसायट्यांतही असंच चालतं. नव्या कोऱ्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यात कटरचा आवाज सुरू!

पण मग मी शाळेची जुनी इमारत बघितली. भूकंपानंतर बांधलेली, एकमजली. तिच्या व्हरांड्याच्या भिंतीला खिडक्यांच्या बरोब्बर वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी झिरी मारलेली होती. कॅमेऱ्याची वायर न्यायला कुणीतरी कधीतरी पाडलेली. वरून लावलेलं सिमेंट निघालं होतं आणि आतली सळई दिसत होती.

ती सळई म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. भूकंपाच्या भागात वजन पेलणाऱ्या भिंती बांधताना जोत्याच्या पातळीला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे आडवे पट्टे सगळ्या इमारतीभोवती सलग फिरवतात. पिंपाला लोखंडी कडी घालतात ना, तसं. जमीन हलली की चारही भिंती वेगवेगळ्या दिशांना जाऊ पाहतात, हे पट्टे त्यांना धरून ठेवतात. आपल्याकडच्या आयएस ४३२६ या मानकात हे सगळं सविस्तर दिलेलं आहे. आणि आयएस १९०५ म्हणून दगड-विटांच्या बांधकामाचं जे मानक आहे, ते सांगतं की वजन पेलणाऱ्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, आणि मुळात आडवी शक्यतो टाळाच. उभी झिरी भिंतीचा एक कोपरा अशक्त करते. आडवी झिरी तिला कमरेत कापते.

गंमत बघा (गंमत कसली!), १९९३ मध्ये किल्लारीचा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होता. २००२ मध्ये मानक बदललं तेव्हा तो झोन तीनमध्ये गेला. नकाशा सुधारला. झिऱ्या मारायची सवय मात्र तशीच राहिली.

मी मामाला ती सळई दाखवली आणि पट्टा म्हणजे काय ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग गुत्तेदाराकडे वळून एवढंच म्हणाला, "नव्या इमारतीत तुमाला काय तार न्यायची ती न्या. पर भिंतीला छन्नी लावायची न्हाई."

झालं! आता आमची अडचण सुरू. छन्नी लावायची नाही, म्हणजे तारेचा रस्ता भिंत उभी राहायच्या आधी, खरं तर स्लॅब पडायच्या आधी ठरवायला हवा. स्लॅबला उरले होते सहा दिवस. गुत्तेदार म्हणाला, चार दिवस पुढे ढकलायचं तर सेंट्रिंगचं भाडं चढतं, ते कोण देणार? मुख्याध्यापकांचा वेगळाच प्रश्न: "सर, हल्ली सगळं वायफायवर चालतं ना? मग तार हवीच कशाला?"

प्रश्न रास्त आहे, तुम्हालाही पडला असेल. उत्तर असं की वायफायची ती पांढरी तबकडी स्वतः तारेवरच जगते. डेटाही तारेतून आणि (पीओई असेल तर) वीजही त्याच तारेतून. आणि एका खोलीत वीस संगणकांवर एकाच वेळी ऑनलाइन परीक्षा चालू असेल तर वीसही जण त्याच हवेत बोलणार, एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसरा थांबणार. तारेवर प्रत्येकाचा रस्ता स्वतंत्र. मुख्याध्यापकांना पटलं. भाड्याचा प्रश्न मामाने सोडवला. संध्याकाळी चार घरं फिरून आला आणि पैसे ठेवले.

इथे थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर दोन-तीन परिच्छेद सोडून पुढे जा, मी रागावणार नाही. :-)

इमारतीत केबल टाकायची जी पद्धत आज जगभर आहे, तिला स्ट्रक्चर्ड केबलिंग म्हणतात. पूर्वी ज्या कंपनीचं मशीन त्या कंपनीची तार, असा मामला होता. मशीन बदललं की तारही उपटा. अमेरिकेत १९८४ मध्ये एटी अँड टी ही अवाढव्य टेलिफोन कंपनी फोडली गेली आणि इमारतीतल्या तारांची जबाबदारी इमारतीच्या मालकांवर येऊन पडली. त्या गोंधळातून १९९१ मध्ये ५६८ नावाचं मानक आलं. त्यातला विचार अगदी साधा आहे. तार इमारतीची, मशीनची नाही. मजल्यावर एका जागी रॅक, रॅकपासून प्रत्येक टेबलापर्यंत स्वतंत्र तार, मध्ये एकही जोड नाही. पक्की तार जास्तीत जास्त ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या सुट्या वायरी धरून १०० मीटर. मशीनं येतील जातील, तार तिथेच राहील.

आम्ही कॅट सिक्स घेतली. तिच्यात तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरचा त्रास जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा होऊन जातो, ही त्या पिळाची करामत. म्हणून केबलला जपायचं ते पिळासाठी. ओढताना अकरा किलोपेक्षा जास्त जोर नको. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवायची नाही. टोकाला पीळ सोडवायचा तो १३ मिलिमीटरच्या आत. विजेची वायर आणि ही, एका पाइपात कधीच नाही.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, जी थंड देशातल्या पुस्तकांत तळटीपेत असते: ऊन. हे सगळे हिशोब २० अंशांवरचे. त्यापुढे ४० पर्यंत प्रत्येक अंशाला सिग्नलची गळती साधारण ०.४ टक्क्यांनी वाढते, ४० च्या पुढे ०.६ ने. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच ४२ असतं, गच्चीच्या स्लॅबचं तर विचारूच नका. म्हणून ठरवलं, तारा गच्चीच्या स्लॅबमधून न्यायच्या नाहीत. मधल्या स्लॅबमधून न्यायच्या. त्यातून वर निघाल्या की लॅब, खाली उतरल्या की ऑफिस आणि वाचनालय. एकाच स्लॅबमध्ये दोन्ही मजल्यांचं काम! रॅक जिन्याजवळच्या छोट्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. एकूण ३२ पॉइंट, सगळ्यात लांबची तार ४१ मीटर.

मग नियम एकच ठेवला: आडवं जे काही जायचं ते स्लॅबमधून, भिंतीतून फक्त उभं. आणि तो उभा पाइपही भिंत बांधतानाच गवंडी आत घेणार. २५ मिलिमीटरच्या एका पाइपात तीनच केबल, चौथीचा मोह टाळायचा. वळणाला एल्बो नाही, लांब बेंड, आणि तेही एका ओढीत दोनच. इमारतीचं डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरला नकाशा दाखवला. त्याने दोन अटी घातल्या. पाइप एकमेकांना चिकटून न्यायचे नाहीत, मध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर. आणि कॉलमच्या तोंडाशी गर्दी नको. जागा आखलेली असली की अटी पाळायला सोप्या जातात. प्लास्टर झाल्यावर कटर घेऊन येणाऱ्या पोराला कोण अटी सांगणार?

स्लॅबच्या आदल्या दिवशी खालच्या सळयांच्या जाळीवर पाइप बांधले आणि प्रत्येक तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जातं, घट्ट होतं आणि पाइप कायमचा बंद. मोजपट्टी ठेवून प्रत्येक पाइपचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडत असताना मामा सकाळी सातपासून उभा. कुणी पाइपवर पाय दिला की ओरडायचा. गुत्तेदार मला हळूच म्हणाला, "तुमच्या मामांनी लेकीच्या लग्नातबी एवढी राखण केली नसंल."

केबल घ्यायला एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने निम्म्या किमतीत खोकं पुढे केलं. वर कॅट सिक्स छापलेलं, उचललं तर हलकं लागलं. ब्लेडने तार खरवडली, आतून पांढरी निघाली. अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. असल्या तारेचा विद्युत रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. पीओईची वीज सोडली की तापते, दोनदा वाकवली की तुटते, आणि मानकात तर बसतच नाही. विचारलं तर म्हणाला, "सगळे हीच नेतात." असेलही. आम्ही दुसरीकडून शुद्ध तांब्याची घेतली. तुम्हीही कधी घ्याल तेव्हा ब्लेड खिशात ठेवा.

नवी इमारत आणि जुनी इमारत यांच्यामध्ये मैदान आहे, साधारण ६० मीटर. अंतराच्या हिशोबात तांब्याची तार चालली असती. पण मृगाच्या आधी मराठवाड्यात विजा किती पडतात हे तिथल्या माणसाला सांगायला नको. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्ही जमिनींच्या दाबात फरक पडतो आणि मधली तांब्याची तार तो फरक थेट मशीनपर्यंत आणून पोचवते. म्हणून मैदानातून फायबर टाकली. काच आहे, तिच्यातून वीज जात नाही. (ऑप्टिकल फायबर म्हणजे परदेशी काहीतरी, असं वाटत असेल तर ती आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला वर्षानुवर्षं बनते आहे.) आणि जुन्या इमारतीच्या आत? तिथे भिंतीवरून साधी पीव्हीसीची पट्टी. दिसायला काही खास नाही, पण भिंतीला धक्का नाही. ती जुनी झिरी मात्र इंजिनिअरला दाखवून नीट भरून घेतली. हे काम अंदाजपत्रकात नव्हतं. तरी झालं.

टोकं जोडायच्या कामाला दोन दिवस गेले. गावातलाच एक वायरमन मुलगा आणि दहावीच्या चार मुली मदतीला होत्या. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी... दुपारपर्यंत मुलींना पाढ्यासारखं पाठ झालं होतं. चायनीज टेस्टरचे आठ दिवे लागले म्हणजे फक्त तारा योग्य जागी पोचल्या एवढंच कळतं, त्या वेग पेलतील का हे कळत नाही. म्हणून खरं टेस्टर पुण्याहून भाड्याने नेलं होतं. बत्तीसपैकी एकतीस पास. एका टोकाला पीळ जरा जास्त सुटला होता. त्यातल्याच एका मुलीने ते परत केलं आणि पास झालं.

शेवटचा वाद लेबलांवरून. वायरमन पोराने नमुना म्हणून जिल्ह्याच्या नावापासून सुरू होणारा कोड लिहून आणला होता. मी म्हटलं, अरे, जिल्ह्याचं नाव २०२३ मध्येच बदललं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. लेबलात असं काही घालू नकोस जे सरकारी आदेशाने बदलतं. मजला, खोली, नंबर. बस्स. खोल्यांची नावंही नको, आजची लॅब उद्या स्टाफरूम होईल. नकाशाची एक प्रत रॅकच्या दारात, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, स्लॅबचे फोटो पेनड्राईव्हवर. पंधरा वर्षांनी कुणाला तिथे भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर पाइप कुठे आहे ते कळायला हवं.

थोडक्यात काय, तर तुमच्यापैकी अनेकांचा फ्लॅट आत्ता कुठेतरी बांधला जात असेल. बिल्डरला टाइल्सचा रंग विचाराल, मॉड्युलर किचन विचाराल. त्याच फोनमध्ये एवढं विचारा: डेटाचे पाइप प्लॅनमध्ये आहेत का? हॉलपासून प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप, त्यात ओढायला जीआय तार, आणि प्लास्टरच्या आधी भिंतींचे फोटो. बांधकाम चालू असताना हे अगदी किरकोळ काम आहे. आणि ताबा मिळाल्यावर कटर घेऊन पोरगा आलाच, तर तो कुठल्या भिंतीला हात घालतोय ते आधी विचारा. कॉलम-बीम असेल तर तो विषयच नाही. हल्ली अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंतींचे टॉवर होतात, त्यात तर प्रत्येक भिंत वजन पेलते. तिथे एक आडवी झिरी म्हणजे तुमच्या वरच्या सगळ्या मजल्यांशी केलेला व्यवहार.

लॅब जूनमध्ये सुरू झाली. बाहेरून येणारं इंटरनेट अजून लहरी आहे, दिवसातून दोनदा जातं. पण आतलं नेटवर्क धड असल्यामुळे मुलं शाळेच्याच सर्व्हरवरचे धडे बघतात, तेवढ्याने अडत नाही. मामा आठवड्यातून एकदा जाऊन भिंती बघून येतो. संगणकांकडे तो अजूनही बघत नाही.

असो. पुढच्या विकांताला जरा हलकाफुलका विषय घेतो.